नोंदवहीबाहेरची माणसं

नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंच नदीचं. ते आधी आमच्या रामटेक तालुक्यात तोतलाडोहला अडतं, मग खाली नवेगाव खैरीला, आणि तिथून शहराकडे जातं. ही वाट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पण त्या पाण्यासाठी, आणि पुढे वाघासाठी, कोण उठलं, कुठे गेलं आणि ज्यांच्या शेजारी जाऊन राहिलं त्यांचं काय झालं, असं विचारा. उत्तर फाईलच्या एका पानात संपतं. विस्थापन हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि माझी मूळ तक्रार हीच आहे, की आम्ही संशोधक ज्याची नोंद झाली त्यालाच मोजतो.

तोतलाडोहचा जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरलेला आहे. मध्य प्रदेशाच्या बाजूला, पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना तिथल्या वनखात्याने मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्याविरुद्ध याचिका झाली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. ओळखपत्र, ठरलेली वाट, काठावर चूल पेटवायची नाही अशा अटी घातल्या. जंगल राखायचंच, पण तिथून उठलेल्यांच्या पोटाचाही विचार करायचा, असा त्या निकालाचा रोख होता. महाराष्ट्राच्या बाजूला धरणाच्या कामावर आलेले मजूर काम संपल्यावरही तिथेच राहिले आणि मासेमारीवर जगू लागले. त्यांची तोतलाडोहची वस्ती २००२ साली हटवली गेली. तलाव तोच, मासे तेच. एकाकडे इथे पूर्वी घर होतं याचा आधार होता. दुसऱ्याकडे धरणावरच्या हजेरीपलीकडे काही नव्हतं. म्हणून एक विस्थापित ठरला, दुसरा अतिक्रमणवाला. कायद्याला अशी रेघ ओढावी लागत असेल. संशोधकाने ती जशीच्या तशी उचलायचं कारण नाही, आणि आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलो.

समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापितांवर येणारे आठ धोके मांडले. जमीन जाणं, रोजगार जाणं, घर जाणं हे त्यातले सहज दिसणारे. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सामाईक साधनं हातची जाण्याचा. अशा साधनांच्या वापराला आमच्या भागात निस्तार म्हणतात: सरपण, चराई, मोहफुलं, घर शाकारायला गवत, कुंपणाला काटक्या. याची पावती कुणाकडेच नसते, म्हणून भरपाईच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. आणि इथेच यजमान गाव चित्रात येतं. उठलेली कुटुंबं नव्या जागी गेली की त्याच जंगलातून सरपण आणतात जिथून जुनं गाव आणत होतं. जंगल तेवढंच राहतं, चुली वाढतात. बायांची पायपीट लांबते. जुन्या गावातल्याही आणि नव्या वस्तीतल्याही.

यजमान म्हणजे एकजीव गाव, असं समजणंही चूक. १९९३-९४ मध्ये बुरुंडी आणि रवांडामधून लाखो माणसं टांझानियात आली. तिथल्या कागेरा भागाचा मेस्टाट आणि व्हेरविम्प यांनी अभ्यास केला. स्वतःची शेती करणाऱ्या स्थानिकांचा फायदा झाला होता, कारण मजूर स्वस्तात मिळाले आणि मालाला गिऱ्हाईक वाढलं. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या स्थानिकांना मात्र स्पर्धा सोसावी लागली. हा निष्कर्ष वाचल्यापासून ‘गावावर काय परिणाम झाला’ हा प्रश्न मी कुणाला विचारत नाही. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरी वेगवेगळं बसते, आणि उत्तरंही वेगवेगळीच येतात.

विदर्भात खरेखुरे निर्वासितही आहेत. गोंदिया जिल्ह्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. नागपुरात हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी आपण सगळेच पाहतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरीही या लोकांना राहायला आणि कसायला जमीन मिळाली, ओळखीचे कागद मिळाले. हे चांगलंच झालं, आणि ते देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मात्र त्याच मुलखातल्या गोंड गावांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या जंगलावरचा हक्क कागदावर मागता यायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. पाहुण्याची नोंद घरधन्याच्या आधी झाली. अशा ठिकाणी कुरबुर ऐकू आली, तर तिला परक्याचा द्वेष म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. तो राग बहुतेक वेळा सरकारी दप्तरावर असतो, आणि निघतो शेजाऱ्यावर.

दुसरी उणीव काळाची. आफ्रिकेत करिबा धरणाने सुमारे ५७,००० टोंगा लोक उठले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर यांनी १९५६ साली, म्हणजे लोक उठण्याच्या आधीच, तिथे काम सुरू केलं आणि पुढे अनेक दशकं ते त्याच कुटुंबांकडे परत जात राहिले. उठलेल्यांची नातवंडं कशी जगतात हे त्यामुळे कळलं. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालीच केला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण आपली बहुतेक सर्वेक्षणं मोबदल्याचा चेक वाटला की थांबतात.

आता मी विद्यार्थ्यांना देवलापार, पवनीकडे पाठवते तेव्हा विस्थापितांची यादी सोबत देत नाही. रस्त्याच्या टोकापासून प्रत्येक घर घ्या, सांगते. सरपण किती लांबून आणता, मजुरी काय मिळते, तेंदूपत्त्याच्या हंगामात किती पुडे होतात, हे आधी. तुम्ही मूळचे कुठले, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा.