डिझेलचा पाय, पेट्रोलचा टर्बो

कोल्हापुरात टर्बो पेट्रोल गाडी घेणारा माणूस मुळात पेट्रोलवाला नसतो. तो डिझेल सोडून आलेला असतो. उद्यमनगरात गॅरेज चालवताना ही गोष्ट माझ्या इतक्या वेळा ध्यानात आली आहे, की या इंजिनाची तक्रार घेऊन कुणी आलं की बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो, "मालक, ह्याच्या आधी कुठली गाडी हुती?" उत्तर बहुधा स्विफ्ट डिझेल. नाहीतर डिझेलची आय-ट्वेंटी, नाहीतर पोलो.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे नियम लागू झाले आणि छोट्या डिझेल गाड्यांचा बाजारच उठला. धूर स्वच्छ करणारी सगळी यंत्रणा छोट्या गाडीत बसवायची तर किंमत परवडेना. मारुतीने डिझेल बंद केलं, स्कोडा-फोक्सवॅगननेही. पण आपल्या भागातल्या माणसाला डिझेलचं नुसतं अ‍ॅव्हरेज आवडत नव्हतं. त्याला ओढ हवी होती. स्विफ्टचं १.३ लिटरचं डिझेल २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं. त्याच गाडीचं १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ११३ वर थांबायचं, तेही चार हजारांच्या पुढे रेझ केल्यावर. मग शोरूममधल्या पोराने एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल दाखवलं. ह्युंदाईचं १५०० आरपीएमपासून १७२ न्यूटन-मीटर, स्कोडा-फोक्सवॅगनचं १७५० पासून १७८. कागदावर हे आकडे डिझेलच्या मांडीला मांडी लावून बसतात. मालकाने सही केली.

गाडी घरी आल्यावरचे पहिले काही महिने कौतुकाचे असतात आणि ते खोटं नसतं. उसाच्या हंगामात गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या रस्त्याला दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, टेपवर गाणी ठणाणत असतात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि समोरचा रस्ता मिनिटभरच मोकळा मिळतो. साध्या पेट्रोल गाडीत अशा वेळी दोन गिअर खाली टाकून देवाचं नाव घ्यावं लागतं. टर्बोत एक गिअर पुरतो. पाय दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, मग गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी निघते. त्या क्षणभराच्या थांबण्याला 'टर्बो लॅग' म्हणतात. तो अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. ज्याला पडत नाही तो "गाडी आधी झोपतीया, मग उठतीया" अशी तक्रार करतो.

आणखी एक फायदा मालकाला जाणवतो, पण त्याचं कारण त्याला कुणी सांगत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथली हवा रत्नागिरीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, म्हणजे साध्या इंजिनाचा जोर इथे तेवढ्याने उतरलेलाच असतो, आणि महाबळेश्वरला गेलं की आणखी उतरतो. टर्बो हवा दाबून आत घालतो, त्यामुळे त्याला ही उंची फारशी कळत नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगपासून तक्रारींना तोंड फुटतं आणि पहिली अर्थातच अ‍ॅव्हरेजची असते. "पुण्याला जाताना अठरा देती, गावात दहासुद्धा नाही. काहीतरी बिघाड हाय." बिघाड नसतो. हायवेला नव्वदच्या वेगाने जाताना हे इंजिन एक लिटरच्या छोट्या इंजिनासारखं पितं. पाय दाबला की टर्बो त्यात दीड-पावणेदोन लिटरच्या इंजिनाची हवा भरतो, मग पेट्रोलही त्या हिशेबाने लागतं. जास्तच दाबला तर टर्बाइन थंड ठेवण्यासाठी इंजिनाचा संगणक जादा पेट्रोल सोडतो, ते जळून कामालाही येत नाही. डिझेलमध्ये कसाही पाय दिला तरी अ‍ॅव्हरेज एवढं पडत नसे. म्हणून डिझेलवाल्याला ही फसवणूक वाटते, आणि मला त्याचा रागही येत नाही, कारण विकताना ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते.

खरं नुकसान मात्र दुसरीकडे होतं. मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी, आबा, माझे जुने गिऱ्हाईक. गाडी चढाला टकटक वाजते म्हणून घेऊन आले. मी शेजारी बसून चक्कर मारली. चढ लागला, गाडी पाचव्या गिअरमध्ये, वेग पंचेचाळीसच्या आसपास, आणि आबांनी पाय पुरता खाली दाबलेला. "गिअर बदला की," म्हटलं. तर म्हणाले, "कशाला? डिझेल असंच वडत हुतं." इंजिन खोललं तेव्हा एका पिस्टनची रिंगेच्या खाचेजवळची कड तुटलेली निघाली.

हे असं का होतं ते सविस्तर सांगतो, कारण याची माहिती गॅरेजवाल्यांतही कमी आहे. आरपीएम कमी, भार पूर्ण आणि टर्बोचा दाब चढलेला, अशा वेळी सिलिंडरच्या भिंतीवरचा इंजिन ऑइल आणि पेट्रोलचा एखादा थेंब सुटून ठिणगीच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दाब येतो. साध्या नॉकिंगवर संगणक टायमिंग मागे घेऊन उपाय करतो; इथे ठिणगीचा संबंधच नसल्याने त्याच्या हातात फारसं काही नसतं. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या रसायनांमुळे हा प्रकार वाढतो असं प्रयोगांत दिसलं, म्हणून ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या संस्थेने २०१८ मध्ये 'एसएन प्लस' आणि २०२० मध्ये 'एसपी' हे दर्जे आणले. आबांच्या गाडीत वॉरंटी संपल्यावर कुणीतरी ट्रॅक्टरच्या डब्यातलं डिझेल इंजिनाचं ऑइल ओतलं होतं. डिझेलच्या ऑइलात काजळी धुवायला हीच कॅल्शियमची रसायनं भरपूर घातलेली असतात. ऑइलही डिझेलचं आणि पायही डिझेलचा, असा दुहेरी योग जुळून आला होता.

ऑइलवर मी जरा जास्तच बोलतो, घरचेही कंटाळतात. पण आमचं उद्यमनगर उभं राहिलं ते शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर. ते इंजिन विहिरीच्या काठावर मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांत डुकडुकत राहायचं, ऑइल काळं डांबर झालं तरी तक्रार नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या पुढे फिरतो, आणि बेअरिंगमध्ये तो टेकलेला असतो ऑइलच्या केसाहून बारीक थरावर. डिझेल स्विफ्टलाही टर्बो होताच, हे मालक मला ऐकवतात. बरोबर आहे. पण डिझेलचा धूर आठशे अंशांच्या पुढे सहसा जात नाही, पेट्रोलचा साडेनऊशे ओलांडतो. ऑइल बदलायला कंपन्या दहा ते पंधरा हजार किलोमीटर सांगतात. गाडी राजारामपुरी ते ताराबाई पार्क अशी शाळेच्या फेऱ्यांनाच चालत असेल तर मी साडेसात हजारांना बदलतो. छोट्या फेऱ्यांत इंजिन तापत नाही, कच्चं पेट्रोल रिंगांवरून उतरून ऑइलात मिसळतं. एक बाई डिपस्टिक दाखवत कौतुकाने म्हणाल्या होत्या, "बघा, ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलंय!" ते वाढलेलं पेट्रोल होतं.

आंबा घाट चढून आल्यावर चहाला थांबताना गाडी बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवावी, हा सल्ला जुना असला तरी मी अजून देतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो. त्याचा आवाज ऐकून घाबरलेल्या मालकांचे मला घाटातून फोन येतात. चालू द्या, म्हणतो.

टर्बो पेट्रोलची उष्णतेशी ही झटापट नवी नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिलने 'जेटफायर' काढली, टर्बो पेट्रोल विकत मिळू लागलं त्या पहिल्या गाड्यांपैकी एक. नॉकिंग होऊ नये म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती, नाव 'टर्बो-रॉकेट फ्लुइड'. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी व्हायचा आणि मालक म्हणायचे, गाडी पळत नाही. शेवटी १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली.

आज तसलंच मिश्रण आपण पंपावर न मागता भरून घेतो. इथेनॉल. ई-२० आल्यापासून माझ्याकडे दर दुसऱ्या माणसाचा पहिला प्रश्न हाच, आणि गंमत अशी, की विचारणाऱ्यांत ऊस घालणारेच जास्त. कारखान्याने इथेनॉल केलं तर दर चांगला मिळेल ही आशा एका खिशात आणि अ‍ॅव्हरेज पडलं ही तक्रार दुसऱ्या खिशात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के कमी. तेवढी घट हिशेबातच येते, तिला वेगळं कारण शोधायला नको. पण इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषली जाते आणि ऑक्टेनही चढतं. टर्बो इंजिनाला या दोन्ही गोष्टी मानवतात. संगणक टायमिंग पुढे नेऊन थोडी भरपाई करतो, साध्या इंजिनाला तेवढी संधी नसते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत मात्र रबरी पाइप आणि सील पाहून घ्यावेत, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी जुन्या पेट्रोलने भरून ठेवू नये. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

व्हॉल्व्हवर बसणाऱ्या काजळीबद्दल फार लिहीत नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या इंजिनात आतले व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, म्हणून हा त्रास. नेक्सॉनच्या १.२ सारख्या बाहेरून इंजेक्शन असलेल्या इंजिनाला तो नाही. स्वयंचलित ड्युअल क्लचवाल्यांनी नवरात्रात बिंदू चौकातून महाद्वाराकडे इंच इंच सरकायला जाऊ नये, क्लच तापतो; रिक्षा करावी.

सध्या पोरांमध्ये वेड आहे ते 'रिमॅप'चं. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय जुन्या बाजारातून घ्यायची, पुण्याहून 'स्टेज वन' भरून आणायचं आणि नाद खुळा म्हणत हायवेला निघायचं. संगणकातला दाब वाढवला की गाडी पळते यात शंका नाही. क्लच, कॉइल आणि पिस्टन मात्र जुनेच राहतात. अशी गाडी बघायला कुणी मला नेलं तर मी आधी स्कॅनर लावत नाही. ऑइल भरायचं झाकण काढून आतला रंग बघतो, प्लग बाहेर काढतो, थंड इंजिन चालू करून धुराडं बघतो. मग बिलं मागतो. ऑइलचा दर्जा लिहिलेली बिलं नसतील तर पोरगं म्हणतं, "दादा, वीस हजार कमी करतोय की मालक." टर्बो बदलायचा म्हटलं तर त्या वीस हजारांत त्याचा कोपराही येत नाही.