आमच्या संगणकाची रंगरंगोटी

तुमच्या घरी कधी रंगाचं काम काढलंय का हो? काढलं असेल तर मी काय म्हणते ते तुम्हांला लगेच कळेल. भिंती स्वच्छ होतात, घर कसं उजळ दिसतं, येणारा-जाणारा ‘छान झालं हं’ म्हणून जातो. आणि पुढचे पंधरा दिवस आपल्याला किसणी सापडत नाही! फडताळातलं सामान कुणी खोलीत नेलं, कुणी माळ्यावर टाकलं, ते काम करणाऱ्यांनाही आठवत नाही.

अगदी तस्संच २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या संगणकाचं झालं.

आमच्याकडे २०१९ साली घेतलेला संगणक आहे. बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. तेव्हा प्रश्नपत्रिका, गुणांचे तक्ते, भिशीचा हिशेब, सगळं त्याच्यावरच. त्यात ‘विंडोज १०’ होतं. ही विंडोज म्हणजे संगणकाची घरधनीण म्हणा ना! कागद कुठे ठेवायचा, छपाई कधी करायची, पाहुणा आत घ्यायचा की दारातूनच वाटेला लावायचा, हे सारं तीच बघते. ती २०१५ च्या जुलैत आली होती आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिच्या सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद होणार, असं कंपनीनं आधीच सांगून ठेवलं होतं. संगणक त्या दिवशी बंद पडणार नव्हता, पण दाराची कडी सैल झाली तर बसवायला कुणी येणार नव्हतं. आमच्या ‘ह्यां’नी ठरवलं, गणपती उठले की विंडोज ११ घालून घ्यायची. ती जुन्या विंडोजवर फुकटच मिळते, मात्र संगणक तिच्या पसंतीस उतरायला हवा.

ती पसंती म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखीच! स्मरणशक्ती निदान चार जीबी, साठवण चौसष्ट जीबी, प्रोसेसर त्यांच्या यादीतला, आणि शिवाय एक ‘टीपीएम २.०’. हे टीपीएम काय, म्हणून मी दोनदा विचारलं. आपण कपाटाच्या किल्ल्या कपाटाच्याच आत एका चोरकप्प्यात ठेवतो की नाही, तसा संगणकाच्या आतला हा चोरकप्पा. कुलपं उघडण्याच्या गुप्त खुणा त्यात राहतात. आमच्या संगणकात तो होता, पण बंद करून ठेवलेला. दुकानदारानं तो चालू केला, तीन तास संगणक ठेवून घेतला, पाचशे रुपये घेतले आणि जाताना ह्यांना सांगितलं, “साहेब, दहा दिवसांत आवडलं नाही तर जुनं परत करता येतं. त्यानंतर नाही.”

हे दहा दिवस तुम्हीही ध्यानात ठेवा. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथे ‘गो बॅक’ असतं. तेवढ्या दिवसांत जागा करायच्या नादात जुन्या विंडोजच्या फायली मात्र पुसू नका, नाहीतर परतीची वाट बंद.

पहिल्या दिवशी मी संगणक लावला आणि माझा हात नेहमीसारखा डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं काहीच नाही! स्टार्टचं बटण मधोमध येऊन बसलेलं. रोज ज्या हाताला मिसळणाचा डबा सापडतो तिथं कुणी पातेलं ठेवावं, तसं झालं मला. चिरंजीव आठवीत आहेत, ते म्हणाले, “आई, खालच्या पट्टीवर उजवं बटण दाब, टास्कबार सेटिंग्जमध्ये जा, अलाइनमेंट लेफ्ट कर.” केलं. डबा पुन्हा जागेवर. पण उजव्या बटणानं जी लांबलचक यादी उघडायची तीही आखूड झालेली. जुनी यादी हवी तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ म्हणायचं, नाहीतर शिफ्टची कळ दाबून उजवं बटण दाबायचं. इतकं साधं होतं, पण तोवर मी दोनदा चिडून चहा करायला उठले होते.

चांगलं ते चांगलंही म्हणायला हवं. खिडकीच्या वरच्या चौकोनावर बाण नेला की पडद्याचे भाग कसे करायचे त्याची चित्रं येतात. मी डावीकडे मुलींची नावं लावली, उजवीकडे गुणांचा तक्ता. घटक चाचणीचे गुण भरायला एरवी संध्याकाळ जायची, ते रात्रीचा कुकर होईस्तोवर झालं. नोटपॅडमध्ये आता एकात एक पानं उघडतात, आणि जतन न करता बंद केलं तरी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी तिथंच असतं. फायलींच्या खिडकीतही तशीच पानं. आणि माझी मराठीची कळपाटी! ‘मराठी फोनेटिक’ म्हणून २०१९ च्या मे महिन्यातल्या सुधारणेत विंडोज १० मध्ये आली ती. इंग्रजी अक्षरांत बोलल्यासारखं लिहायचं आणि मराठी उमटतं. ती जशीच्या तशी होती. मी मनात म्हटलं, चला, ही असली म्हणजे पुष्कळ.

आता खरी गोष्ट सांगते.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, बाजार बंद. दुपारी सासूबाई तांदूळ निवडायला बसायच्या आणि निवडता निवडता ओव्या गुणगुणायच्या. जात्यावरच्या. त्यांच्या आईकडून, आजीकडून आलेल्या, काही त्यांच्या स्वतःच्याही असाव्यात, विचारलं की हसायच्या. एकदा मी म्हटलं, “आई, सांगा, मी लिहून घेते.” मग रोज दुपारी तासभर त्या सांगायच्या आणि मी संगणकावर लिहायची. घरात वर्ड विकत घेतलेलं नव्हतं, म्हणून वर्डपॅडमध्ये लिहिलं. ते विंडोजबरोबर फुकट यायचं, १९९५ पासून. जाड अक्षर, रंगीत अक्षर, मधोमध शीर्षक, एवढं त्यात होत होतं आणि मला तेवढंच लागत होतं. एकशे चौदा ओव्या झाल्या. वहीत उतरवायच्या राहून गेल्या. आज करू, उद्या करू. २०२४ मध्ये आई गेल्या.

तर अविधवा नवमीला वन्सं येणार होत्या. त्यांचा महिन्याभरापूर्वीच फोन आला होता, “वहिनी, आईच्या ओव्या मला छापून दे हं. नवमीला मी वाचेन.” मी तोंडभरून ‘हो’ म्हटलेलं. नवमीच्या आधी चार दिवस, रात्री स्वयंपाकघर आवरून मी ती फाइल उघडायला गेले. तर संगणक विचारतो, ही कशानं उघडू? मी वर्डपॅड शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. कुठ्ठेच नाही.

नंतर कळलं की वर्डपॅड काढून टाकणार हे २०२३ च्या सप्टेंबरातच जाहीर झालं होतं. विंडोज ११ ची २०२४ ची जी आवृत्ती आहे, चोवीस एच टू म्हणतात ती, तिच्यापासून ते नाहीच. साध्या मजकुराला नोटपॅड वापरा, सजवलेल्या मजकुराला वर्ड, असा सल्ला. पण असली जाहीर सूचना तुमच्याआमच्यापर्यंत कधी येते? नवीन काय आलं ते दुकानात दहा जण सांगतात, जुनं काय गेलं ते कुणीच सांगत नाही.

मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आणि बायांनो, काय सांगू, माझे हातपायच गळाले. ओव्या नाहीतच. नुसते महिरपी कंस, तिरक्या रेघा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे, आकडे, आकडे, मधेमधे प्रश्नचिन्हं. पानंच्या पानं. जणू आईंच्या बोलण्यावर कुणी पोतंभर खडी ओतली होती.

सकाळी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “फाइल करप्ट झाली असेल मॅडम. नवीन टाइप करा.” नवीन टाइप करा! मी फोन ठेवला आणि शाळेत गेले. मधल्या सुट्टीत कुणाशी बोलले नाही. घरात मामंजींना सांगायचं धाडस होईना. ते ऐंशीच्या घरातले, नवमीच्या तयारीत गुंतलेले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “दहा दिवस व्हायचेत अजून, जुनं परत घालू.” पण फाइलच बिघडली असेल तर जुनं घालून तरी काय उपयोग, हे माझ्या डोक्यातून जाईना.

रात्री पुन्हा तीच फाइल उघडून बसले. आता बाई पडले शिकवणारी. समोर अगम्य काही दिसलं की त्यात नियम शोधायची खोड. पाहिलं तर एक आकडा फार वेळा येत होता, २३६६. आणि अगदी वर, शीर्षकाच्या जागी, ओळीनं होतं २३१०, २३१२, २३०६, २३३०. शीर्षक मी काय दिलं होतं ते मला ठाऊक होतं, ‘आईंच्या ओव्या’. म्हणजे २३१० हा ‘आ’, २३१२ ‘ई’, २३०६ अनुस्वार, २३३० ‘च’! मग २३८१ हा पाय मोडणारा हलन्त, २३५१ ‘य’, आणि २३६६? तो काना. काना तर सारखा येणारच की.

चिरंजीवांना झोपेतून उठवलं. आम्ही दोघांनी पाठकोऱ्या कागदावर तक्ता केला आणि एक ओवी सोडवली. चार ओळींना पाऊण तास लागला. पण ती ओवी होती! अख्खी, माहेरच्या वाटेवरची. आई ती म्हणताना थोडं थांबायच्या, तिथं मी एक टिंब दिलेलं होतं, तेही जागेवर होतं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकेक क्रमांक दिलेला असतो, त्याला युनिकोड म्हणतात. वर्डपॅडनं आमची मराठी त्या क्रमांकांत लिहून ठेवली होती. फाइल करप्ट बिरप्ट काही झाली नव्हती, वाचणाराच घर सोडून गेला होता.

एकशे तेरा ओव्या अशा सोडवायच्या म्हणजे नवमी काय, दिवाळी उजाडली असती. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या संगणकाच्या बाईंना कागद दाखवला. त्या हसायलाच लागल्या. “अगं, लिब्रेऑफिस घाल. फुकट आहे, त्याच्या रायटरमध्ये ही फाइल सरळ उघडेल.” दुपारी घातलं. फाइलवर दोनदा टिचकी मारली आणि पदर तोंडाशी धरून बसले. उघडली. मधोमध जाड अक्षरांत शीर्षक, खाली एकशे चौदा ओव्या, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

तेव्हा माझं ऐका. तुमच्याकडे वर्डपॅडमध्ये काही लिहिलेलं असेल, हिशेब म्हणा, पत्रं म्हणा, तर विंडोज बदलायच्या आधीच त्याची पीडीएफ काढा आणि पेनड्राइव्हवर घाला. विंडोज १० मध्ये छापायच्या यादीतच ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असतं, वेगळं काही लागत नाही. बदल करून झाला असला तरी घाबरू नका, वर्ड नाहीतर लिब्रेऑफिस ती फाइल वाचतं. आणि नवाच संगणक घेणार असाल तर आणखी एक. मायक्रोसॉफ्टचं खातं घालून तो सुरू केलात की या नव्या विंडोजमध्ये आतली साठवण बहुधा आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाची ‘रिकव्हरी की’ म्हणजे अठ्ठेचाळीस आकडी किल्ली खात्यात जमा असते. ती वहीत उतरवून दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा.

शेजारच्या काकूंचा संगणक २०१५ चा, नव्या विंडोजनं नापसंत केलेला. त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ घ्यायला लावली. तीस डॉलर भरून मिळत होती, पण खात्यात संगणकाच्या सेटिंग्ज जमा ठेवल्या तर पैसे पडत नव्हते. काकूंनी अर्थात दुसरी वाट धरली.

आम्ही जुनं परत घातलं नाही. दहावा दिवस नवमीनंतर दोन दिवसांनी उलटून गेला, माझ्या लक्षातही आलं नाही.

नवमीला सवाष्ण जेवली, पानं उचलली, मग वन्सं ओट्यावर बसून वाचायला लागल्या. मामंजी आराम खुर्चीत डोळे मिटून. पन्नाशी ओलांडल्यावर कुठेतरी वन्सं थांबल्या. म्हणाल्या, “वहिनी, इथं ‘सोनियाचा’ नाही गं. आई ‘सोनसळा’ म्हणायची.” मामंजी डोळे न उघडता म्हणाले, “सोनसळाच.” मी चूक कबूल केली आणि पेन घ्यायला उठले, तर वन्सं म्हणाल्या, “थांब, अजून एक आहे. तुला सांगितलीच नसेल तिनं, ती माझ्या लग्नाच्या वेळची आहे.”

मग मी संगणकच लावला. वन्सं सांगत होत्या आणि मी एकशे पंधरावी लिहीत होते.