मामा, धाकटा आणि एक्स गुणसूत्र

आमच्या शाळेत जीवशास्त्र इंग्रजीतून शिकवतात. सर केरळचे, आणि वर्गात मराठी बोलणारे आम्ही तिघेच. त्यामुळे ‘गुणसूत्र’, ‘जनुक’, ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ हे शब्द मला वर्गात कधी लागले नाहीत. ते लागले रविवारच्या फोनवर, आईला समजावून सांगताना. म्हणूनच हा लेख मी मराठी पानासाठी लिहितो आहे.

सुरुवात कांद्यापासून झाली. आमचे घर निफाड तालुक्यात. कांदा लावणे, काढणे, ट्रॉली भरून लासलगावच्या बाजारात नेणे हे सगळे पाहत मी मोठा झालो, पण कांद्याच्या मुळात डोकावलो ते थेट बारावीच्या प्रयोगशाळेत. मुळाचे टोक ॲसिटोकार्माइनने रंगवायचे, स्लाइड दिव्यावर जराशी गरम करायची, वर टिपकागद ठेवून अंगठ्याने हलकेच दाबायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी दिसू लागते. कुठे गुणसूत्रे मध्यरेषेवर उभी, जणू फॉल-इन झालेली प्लॅटून. कुठे दोन तुकड्या होऊन दोन टोकांना निघालेली. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे, माणसाच्या पेशीत ४६. सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन होतात आणि दोघींनाही पूर्ण संच मिळतो. जखम भरते, उंची वाढते ती याच कामामुळे.

पण अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार होताना हिशेब बदलतो. तिथे ४६ चे २३ होतात. प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते, आणि कोणते जाईल ते कुणाच्या हातात नसते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हे वाक्य फक्त वहीत उतरवून घेतले होते.

पुढचा धडा मानवी प्रजननाचा. पान उलटताच वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकले. सरांनी कुणालाच रागावले नाही. फळ्यावर एक छोटा ठिपका काढला आणि विचारले, “या वर्गात असा कोण आहे, जो एका पेशीपासून सुरू झालेला नाही?” हसू थांबले. स्त्रीची अंडपेशी साधारण ०.१ मिलिमीटरची असते. तिच्यात नेहमी एक्स गुणसूत्रच असते. शुक्रपेशीत मात्र एक्स असते किंवा वाय. म्हणजे मुलगा की मुलगी, हे वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. आमच्याकडे तिसरी मुलगी झाली की अजूनही सगळे सुनेकडे बघतात. त्या दिवशी मला वाटले, हा धडा गावच्या पारावर मोठ्याने वाचला पाहिजे.

आणि मग आनुवंशिकतेत रंगांधता आली. लाल-हिरवा फरक ओळखणारी जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. स्त्रीकडे दोन एक्स असल्याने एकातली उणीव दुसरे भरून काढते. तिला स्वतःला त्रास होत नाही, पण ती वाहक असते. पुरुषाकडे एक्स एकच, त्याला राखीव साठा नाही. आमच्या पुस्तकात दिले आहे की ही रंगांधता सुमारे ८ टक्के पुरुषांत आणि ०.४ टक्के स्त्रियांत आढळते.

वाचता वाचता मला माझा मामा आठवला. मिरची तोडताना त्याला हिरव्या झाडावरची लाल मिरची पटकन सापडत नाही. सैन्यभरतीत तो धावला, उड्या मारल्या, सगळे पार केले आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकापुढे अडला. ते पुस्तक शिनोबू इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टरांनी भरतीच्या तपासणीसाठी तयार केले आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. मामाला नापास केले, पण का हे कुणी समजावले नाही. आजी म्हणायची, पोराला नजर लागली.

मी वहीत वंशावळ काढली. आजोबांची दृष्टी चांगली, मामा रंगांध. म्हणजे आजी वाहक. आई वाहक असण्याची शक्यता निम्मी. तसे असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला निम्मी. माझी तपासणी शाळेत प्रवेश घेतानाच झाली होती. धाकटा मात्र पाचवीत होता, त्याच्या खोलीत विमानांची चित्रे होती आणि तो आमच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होता.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मोबाईलच्या पडद्यावरचे रंग खात्रीचे नसतात, म्हणून छापील पुस्तकच हवे. पहिल्या पानावरचे १२ त्याने वाचले. ते सगळ्यांनाच दिसते. दुसऱ्या पानावर मला स्पष्ट ८ दिसत होते. तो म्हणाला, “तीन.” अगदी आत्मविश्वासाने म्हणाला.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे माझ्याकडूनच आलं.”

मी तिला गुणसूत्रांचे मराठी शब्द शोधत शोधत सगळे सांगितले. तुझ्याकडे दोन एक्स, एक तुझ्या आईचे, एक तुझ्या वडिलांचे. मला एक आले, त्याला दुसरे. ना तू वाटून दिलेस, ना आम्ही मागून घेतले. तसे तुझ्या आईनेही दिले नव्हते. ती काही बोलली नाही, पण पिंपळगाव येईपर्यंत तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. धाकट्याच्या मुलांना होईल का? मी म्हटले, त्याचे एक्स त्याच्या मुलाला जातच नाही, मुलाला वाय जाते. मुली मात्र सगळ्या वाहक होतील.

रात्री मामाचा फोन आला. मी तेच पुन्हा सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला इतकी वर्षं वाटायचं, मी त्या दिवशी घाबरलो म्हणून आकडा चुकला.”

धाकटा दोन दिवस रुसला. उडाणासाठी रंगदृष्टीची अट कडक असते, हे मी त्याच्यापासून लपवले नाही. मग त्याला जॉन डाल्टनची गोष्ट सांगितली. अणुसिद्धान्त मांडणारा हा शास्त्रज्ञ स्वतः रंगांध होता आणि १७९४ मध्ये त्याने आपल्याच दृष्टीवर निबंध वाचला. त्याच्या सांगण्यावरून मृत्यूनंतर त्याचे डोळे तपासले गेले. त्यांतला जपून ठेवलेला अंश वापरून १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि त्याला नेमके कोणते जनुक नव्हते ते कळले. धाकट्याने विचारले, “दादा, विमान बनवणाऱ्यांनाही ठिपके वाचायला लावतात का?” आता तो कागदाची नव्हे, बाल्सा लाकडाची मॉडेल बनवतो. रंगांच्या डब्यांवर आई नावे लिहून देते.

माझ्या सहावी-सातवीतल्या छोट्या मित्रांना एवढेच सांगेन: रंगदृष्टी लवकर तपासून घ्या, घरातल्या भावंडांचीही. आणि प्रजननाच्या धड्याला हसू आले तर हसा, पण पान उलटून पुढे जाऊ नका.