विलायती हळद

तर झालं असं की, आमच्या १९७२ सालच्या एमजीबीचा हीटर गेल्या डिसेंबरात रुसला. इंग्लंडच्या थंडीत पाय गारठले तर एकवेळ चालतं, पण समोरची काच धुरकटते आणि रस्ताच दिसत नाही. शेजारी लेक बसलेली. ते काही बरं नव्हे.

या गाडीच्या इंजिनाशी माझं जुनं नातं आहे. बीएमसीचं हे बी-सिरीज इंजिन. एमजीबीत ते १७९८ सीसीचं, आणि बाबांच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये त्याचंच १४८९ सीसीचं भावंड होतं. तिचा रेडिएटर गळायचा. बाबांचा उपाय ठरलेला, दोन चमचे हळद. आणि गळती थांबायची हो! "थोडी आमटीला राहू द्या," आई म्हणायची.

असो. इंजिन तापल्यावर हीटरचे दोन्ही होज चाचपले. आत जाणारा कढत, बाहेर येणारा गार. म्हणजे मधेच कुठेतरी चोंदलेलं. बागेतल्या नळीनं उलट्या बाजूनं पाणी सोडलं, तर तपकिरी लगदा बाहेर! आधीच्या कुणा मालकानं गळती बुजवायची पावडर ओतली असणार. विलायती हळदच म्हणायची. हीटर गरम झाला, मी खूश... आणि दोनच दिवसांत पायाखालचा गालिचा ओला, गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं. गाळाबरोबर त्यानं बुजवलेलं भोकही मोकळं झालं होतं.

मग हीटरची पेटीच काढावी लागली. एमजीबीवाले म्हणतात, कारखान्यात आधी ही पेटी ठेवायचे आणि मग तिच्याभोवती गाडी बांधायचे. दोन दिवस गेले, बोटांची सालं निघाली. आतली गळकी जाळी बदलली, कूलंट भरलं, इंजिन चालू केलं. काटा वर चढला, हीटर मात्र गार. आत हवा अडकली होती.

"बाबा, झाकण उघड ना! किती वेळ?" लेकीनं हात पुढे केला. मी तो खसकन ओढला. ती रडायलाच लागली.

खंबाटकी घाट. मी सात वर्षांचा. अ‍ॅम्बेसेडर तापून उभी आणि मी, "बाबा, लवकर ना!" म्हणून भुणभुण लावलेली. बाबांनी ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण सैल झालं की क्षणात फुटतं. तो डाग त्यांच्या उजव्या हातावर अजून आहे. कुणी विचारलं तर, "मी घाई केली," एवढंच सांगतात.

आम्ही थांबलो. गार झाल्यावर हवा काढली, हीटर लागला. रात्री बाबांना फोन केला.

"झाकण कधी उघडलंस?"

"तासाभरानं, बाबा."

"हं. आणि पोरगी कुठे उभी होती?"