जेवढे ऊन, तेवढाच खर्च

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वसलेले सिअ‍ॅटल हे ढगाळ आकाशाचे शहर. हिवाळ्यात तेथे सूर्यदर्शनही दुर्मीळ. अशा शहरात मॅडिसन मार्गावर ‘बुलिट सेंटर’ ही सहा मजली कचेऱ्यांची इमारत २२ एप्रिल २०१३ रोजी, वसुंधरा दिनी, खुली झाली. प्रथम नजरेत भरते ते तिचे छप्पर. डोक्याहून मोठी पगडी घालावी तसे ते भिंतींच्या बरेच बाहेर आले असून त्यावर ५७५ सौर पॅनेल बसविले आहेत.

इमारत सुमारे ५२,००० चौरस फुटांची; विजेची मिळकत मात्र छपरावरच्या उन्हाएवढीच. म्हणून रचनाकारांनी व्यापाऱ्याचा जुना नियम पाळला : आधी जमा पाहिली, मग खर्च बेतला. उंच खिडक्यांतून उजेड आत खोलवर पोहोचत असल्याने दिव्यांचे काम कमी झाले. तिपदरी काचा ऊब राखतात. उन्हाळ्यातील रात्री खिडक्या आपोआप उघडून गार हवा आत घेतात. जमिनीत ४०० फूट खोल अशी २६ विवरे घेतली असून तेथील स्थिर तापमानाच्या आधारे कचेऱ्या उबदार वा थंड राखल्या जातात. काचेने वेढलेला जिना इतका प्रसन्न आहे, की पावले लिफ्टऐवजी तिकडेच वळावीत.

उन्हाळ्यातील जादा वीज शहराच्या वीजजाळ्यात जमा होते, हिवाळ्यातील तूट तेथूनच भरून निघते. वर्षअखेर खाते जुळले पाहिजे, ही अट. ‘लिव्हिंग बिल्डिंग’ प्रमाणपत्रासाठी कागदावरील अंदाज चालत नाहीत. वर्षभराच्या प्रत्यक्ष वापराचा हिशेब दाखवावा लागतो. ही इमारत २०१५ मध्ये त्या कसोटीस उतरली. सारेच प्रयोग साधले असे नव्हे. मैल्याचे खत करणारी शौचालये पुढे बदलावी लागली. विजेचे खाते मात्र सांभाळले गेले.

त्यामागे यंत्रांइतकाच माणसांचा संयम आहे. येथील भाडेकरूंना विजेच्या वापराची मर्यादा आखून दिलेली असते. परिग्रह-परिमाण व्रत जाणणाऱ्या श्रावकाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या पेढीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवू इच्छिणाऱ्याने प्रथम वर्षभराची वीजबिले समोर मांडावीत आणि कोणता खर्च टाळता येईल ते पाहावे. वाचविलेल्या युनिटसाठी पॅनेल घ्यावे लागत नाही.