वाळूवरची पावलं

देवबाग म्हणजे वाळूची एक लांबट जीभ. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीतून उतरलेली कर्ली. टोकाशी दोघांचा संगम. ओहोटीला खाडीच्या चिखलात पावलं दिसली. पाच बोटं, मधल्या पडद्याची पुसट खूण, मागे शेपटीची रेघ. शेजारी खवल्यांनी आणि कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली विष्ठा.

"राती पाणमांजर इला, जाळा फाडून गेला," होडीवाले काका म्हणाले. वैतागले होते, पण शेजाऱ्यावर वैतागावं तसे.

मला त्या पावलांवरून पुईजिला नावाचं प्राचीन जनावर आठवलं. २००७ साली कॅनडाच्या उत्तरेला, डेव्हन बेटावर, नतालिया रिब्चिन्स्की यांच्या तुकडीची गाडी इंधन संपून अडकली. वाट बघता बघता तुकडीतल्या एकीला जमिनीवर हाड दिसलं. पुढे जवळजवळ ६५ टक्के सांगाडा हाती आला. (टाकी भरलेली असती तर?) दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचं हे जनावर जेमतेम मीटरभर लांब. चार धड पाय, बोटांत पडदे, लांब शेपूट. दिसायला थेट पाणमांजर. पण कवटी आणि दात पाहून शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याला सीलच्या कुळात बसवलं. सीलचे वल्ह्यासारखे हातपाय त्याला फुटायचे होते, आणि ते राहायचं गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी. आडनाव मिळालं डार्विनचं. उथळ पाण्यात शिकार करणारं जमिनीवरचं जनावर नदी-तळ्यांतून पुढे भर समुद्रात जाऊ शकेल, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत. पाणमांजर त्यांचं लांबच्या नात्यातलं, वंशज नव्हे. संस्कृतात ते उद्र, इंग्रजीत ऑटर. दोन्ही शब्द मुळात एकच, उदकाशी नातं सांगणारे. पुईजिलाच्या नादात मीही त्याला अर्ध्या वाटेवरचा प्रवासी ठरवून बसलो होतो. चूक माझी. ज्याला खाडीत मासे आहेत, कुर्ल्या आहेत, कांदळवनाचा आडोसा आहे आणि वर काकांचं जाळं आहे, ते कुठे कशाला निघेल?

पावलांचा माग धरून गेलो. वाळू ओलांडून ती समुद्राकडे गेली होती, पार लाटेच्या ओलीपर्यंत. तिथून वळून पुन्हा खाडीकडे आली होती.