एका वेळी एकच पेन्शन

सुरतेत लिंबायतच्या गल्ल्यांत शिरलं की उंबऱ्याउंबऱ्यावर साडी पसरलेली दिसते. बाई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पदर, शेजारी वाटीत खडे आणि गोंदाची नळी. सेठचा माणूस सकाळी पोटलं टाकून जातो, तयार माल मोजून नेतो. पैसे नगावर. रिंग रोडच्या मार्केटातून देशभर जाणाऱ्या साड्यांची बरीचशी चमक अशी घराघरांत चिकटवली जाते.

माझी मावशी तीसेक वर्षं हेच करत आली. धुळे जिल्ह्यातून लग्न होऊन ती इकडे आली. काका लूम्सच्या खात्यात बारा तासांच्या पाळीला होते. लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम या पट्ट्यात खानदेशी माणसं इतकी, की भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा अहिराणीतून होते. मावशीला गुजराती बोलता येते, वाचता येत नाही. अर्ज मात्र गुजरातीत असतात, म्हणून प्रत्येक खिडकीवर तिच्यासोबत मी.

कागदावर मावशीने जन्मात काम केलेलं नाही. हजेरीपुस्तक नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. काकांकडेही यातलं काही नव्हतं, पण निदान ‘लूम्सवर आहेत’ असं लोक म्हणायचे. मावशी ‘घरीच असते’. असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालं, तेव्हा मी हौसेने तिला नोंदणीला घेऊन गेले. वयाची अट 16 ते 59. मावशीने साठी कधीच ओलांडली होती. कॉम्प्युटरवरच्या पोराने तिचं आधार कार्ड परत सरकवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

विधवा पेन्शनचं प्रकरण त्याहून जुनं. काका गेले तेव्हा गुजरातेत नियम असा होता, की मुलगा 21 वर्षांचा झाला की आईची पेन्शन बंद. मावसभाऊ तेव्हा बावीसचा. म्हणजे आई त्याच्या भरवशावर, असं सरकारने परस्पर ठरवून टाकलेलं. तो कुठे कलेक्टर लागला होता! बापाच्याच जागी लूम्सवर उभा होता. खोलीभाडं, बायको, पाठोपाठ दोन पोरं. आईला तो जेवायला घालत होता, त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण चष्म्याचे, औषधाचे, गावी लग्नाला जाण्याचे पैसे मागायला मावशीची जीभ रेटत नसे.

ती अट 2019 मध्ये गेली. योजनेचं नाव ‘गंगा स्वरूपा’ झालं, रक्कम महिना 1,250 रुपये. मग कागदांची शोधाशोध. मिठी खाडीला पूर आला की लिंबायतमध्ये पाणी शिरतं, त्यामुळे मावशीचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. त्यात काकांचा मृत्यूचा दाखलाच नव्हता. काका वारले ते गावी, म्हणून दाखला महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीचा. उधन्याहून भुसावळकडची गाडी धरून मावसभाऊ गेला, खाडा पडला. शिवाय तिने पुनर्विवाह केलेला नाही, असाही दाखला लागतो. हे ऐकून मावशी तिथेच हसायला लागली. “आते मन्हासंगे कोन लगीन करी, माय?”

पेन्शन सुरू झाली. पैसे खात्यात येऊ लागले, पण अंगठ्यावर पैसे देणारं यंत्र तिची बोटं ओळखेना. गोंद, खडे, वर्षानुवर्षं तेच घासणं. ठसे पुसट झालेले. दुकानदार ओल्या फडक्याने बोटं पुसायला लावी, मग दुसरं बोट, मग तिसरं. रांगेतली माणसं कुरकुरत.

तोवर गुडघे आणि डोळे दोन्ही गेले होते. गुडघे वाकेनात, सार्वजनिक संडासात बसता येईना, म्हणून ती बाहेर निघायच्या दिवशी पाणीच पीत नसे. डॉक्टर म्हणाले, वय झालं. लूम्सवर बोट गेलं तर तो अपघात. भले भरपाई मिळो न मिळो, कारण सगळ्यांना दिसतं. जमिनीवर बसून, मान खाली घालून बाईचे गुडघे गेले, तर मात्र ते वय. मला हा हिशेब कधीच पटला नाही.

अपंगत्वाच्या तपासणीत तिला चाळीस टक्क्यांच्या थोडं वर प्रमाण मिळालं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बहुतेक सवलतींना 40 टक्के पुरतात. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला मात्र 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, असं दोन्ही लागतं. एवढं करून केंद्राचा वाटा 300 रुपये, 2012 पासून तोच. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी तर 200, तोही 2007 पासून. राज्यं आपापली भर घालतात म्हणून आकडा जरा बरा दिसतो.

खिडकीवर मी विचारलं, ही विधवा आहे, म्हातारी आहे, अपंगही आहे, तर काही जादा? उत्तर आलं, एका वेळी एकच पेन्शन, कुठली ते तुम्ही ठरवा. दिव्यांग हक्क कायद्याच्याच कलम 24 मध्ये लिहिलंय, की दिव्यांगांना अशा योजनांतली मदत इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावी आणि योजना आखताना लिंग, वय, आर्थिक स्थिती लक्षात घ्यावी. मी कलमाचा कागद पुढे केला. साहेबांनी तो सभ्यपणे वाचला, सभ्यपणे परत दिला.

डोळ्यांचं मात्र सरकारी दवाखान्यात फुकटात झालं. मोतीबिंदूच होता. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी साधारण दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं, आणि अंधत्वाचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आमच्या घरात उशीर का झाला, ते मला ठाऊक आहे. सोबत जायला माणूस हवं. भाऊ गेला तर रोज बुडणार, वहिनी गेली तर पोटलं पडून राहणार. मावशी म्हणायची, दिवाळीनंतर बघू. अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या.

एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी निघाली, काळा चष्मा गेला, आणि एका सकाळी ती उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेली. खाली बसता येत नाही म्हणून मांडीवर पाट, पाटावर साडीचा पदर. मी रागावले. ती म्हणाली, बाराशे पन्नासात महिना निघत असता तर कशाला बसले असते? तेवढ्यात सेठचा पोरगा आला. मावशीने साडी उलटीपालटी करून बघितली आणि त्याला सुनावलं, की खडे आधीपेक्षा बारीक आहेत, दर जुना चालणार नाही. पोरगा म्हणाला, सेठला विचारतो. “विचार,” मावशी म्हणाली, “पोटलं तोवर घेऊन जा.”